परभणीच्या रानात टेम्पेस्ट

माझं दुकान रेडियम कटिंगचं. गाड्यांच्या नंबरप्लेटी, रिक्षाच्या काचेवर लेकरांची नावं, ट्रॅक्टरच्या बोनेटवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. लग्नसराईत आणि निवडणुकीत फ्लेक्स. परभणीत हा धंदा करणाऱ्याची नजर कटरच्या पात्यावर असते, आभाळाकडे जायचं तिला काही कारण नसतं. माझी गेली ती मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवामुळे. २०२३ च्या सप्टेंबरसाठी एका शाळेने प्रदर्शनाचे फलक माझ्याकडे दिले. मजकूर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी लिहिलेला. हैदराबाद संस्थान, स्वामी रामानंद तीर्थ, रझाकार, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली आणि १७ सप्टेंबरला संपलेली पोलीस कारवाई, हे सगळं आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. एक फलक मात्र मला नवा होता. त्यावर एका विमानाचं चित्र होतं आणि खाली नाव होतं, हॉकर टेम्पेस्ट.

या कारवाईत हवाई दलही होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरभरून निजामासाठी शस्त्रं आणत होता. ती वाट बंद करायची म्हणून भारतीय टेम्पेस्ट विमानांनी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले, मेजर जनरल जयंतो नाथ चौधरींच्या फौजांना पुढे सरकताना वरून साथ दिली. विमान दिसायलाही देखणं. पुढे गोल, रुंद इंजिन, मागे निमुळतं होत गेलेलं अंग, आणि टोकाकडे सुबक वळण घेणारे पंख. मी सरांना म्हणालो, याची प्रतिकृती करून प्रदर्शनात टांगू. सर म्हणाले, "टांगायची असेल तर पंधरा दिवसांत होईल. उडवायची असेल तर आधी तुम्हाला उडवायला शिकावं लागेल."

सरांना हा नाद जुना होता. रिमोटवर चालणारी फोमची विमानं ते सुटीच्या दिवशी मैदानावर उडवायचे. प्रदर्शनात टांगायला मी सनबोर्डचं एक टेम्पेस्ट करून दिलं आणि उडणाऱ्याची तयारी वेगळी सुरू केली. आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर, मग सरांच्या ट्रेनर विमानावर. ट्रेनरचे पंख अंगाच्या वर बसवलेले असतात आणि दोन्ही टोकं थोडी उचललेली असतात. ते वाऱ्याने कलंडलं तरी बऱ्याच अंशी आपलं आपण सावरतं. स्टिक सोडून दिली तर नीट उडत राहतं. लढाऊ विमानाचा स्वभाव नेमका उलटा. शत्रूला चुकवण्यासाठी ते क्षणात कलंडायला हवं असतं, म्हणून पंख खाली, अंग आखूड, वेग जास्त. कलंडल्यावर त्याला सरळ करायचं काम पूर्णपणे उडवणाऱ्याचं. हा फरक कागदावर समजायला सोपा आहे.

खरं टेम्पेस्ट, म्हणजे भारतीय हवाई दलाकडे होतं ते मार्क दोन, साडेबारा मीटर पंखांचं आणि साडेदहा मीटर लांबीचं. आम्ही ते बाराव्या हिश्श्यात आणलं. पंख १०४ सेंटिमीटर, लांबी सत्त्याऐंशीच्या आसपास. दुकानात सनबोर्डचे ढीग होते, पण बोर्डांसाठी चांगला असलेला सनबोर्ड विमानासाठी फार जड. त्याऐवजी पाच मिलिमीटर जाडीचं डेप्रॉन मागवलं. थर्माकोलसारखंच, पण दाट आणि गुळगुळीत. पंखाच्या आत कणा हवा, तो बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्यांचा केला. पतंगाला लावतात त्याच, फक्त जरा रुंद तासलेल्या. सर्व्होपासून, म्हणजे आतल्या छोट्या मोटरपासून, एलिव्हेटरपर्यंतच्या, म्हणजे शेपटीच्या आडव्या हलत्या पट्टीपर्यंतच्या ओढतारा सायकलच्या स्पोकच्या. फोम कापायला दोन खिळ्यांमध्ये निक्रोमची तार ताणली आणि तापवली. रंग पाण्यातला लावला, कारण डब्यातला स्प्रे फोम खाऊन टाकतो. चंदेरी अंगावरचे तिरंगी गोल मात्र माझ्या कटरने कापलेल्या रेडियमचे. तेवढं काम माझ्या रोजच्या धंद्यातलं होतं आणि ते मला सगळ्यात कमी महत्त्वाचं ठरलं.

कारण विमानाचं खरं काम तोलाचं असतं. पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मागे विमान दोन बोटांवर सरळ टेकतं, यावर सगळं ठरतं. आमच्या विमानात ती जागा मुळाशी साधारण साडेपाच सेंटिमीटरवर यायला हवी होती. तोल थोडा पुढे असला तर विमान सुस्त उडतं, पण परत आणता येतं. मागे गेला तर नाक वर उचलत राहतं आणि हाताला लागत नाही. टेम्पेस्टसारख्या विमानांचं नाक आखूड, शेपूट लांब. त्यामुळे ती जन्मजात शेपटीकडे झुकलेली. बॅटरी इंजिनाच्या आवरणात जाईल तेवढी पुढे ढकलली, तरी पुरेना. शेवटी टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायच्या शिशाच्या पट्ट्या आणून नाकात चिकटवल्या. हलकं व्हावं म्हणून ग्रॅमग्रॅम वाचवायचा आणि मग स्वतःच्या हाताने शिसं भरायचं, हे बघून दुकानातला पोऱ्या हसत होता.

पंखांच्या टोकांचंही एक दुखणं असतं. विमानाचा वेग फार कमी झाला की पंखांवरची हवा सुटते, त्याला स्टॉल म्हणतात. टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या पंखात ही हवा आधी टोकाला सुटते. सुटतेही कधी डाव्या, कधी उजव्या टोकाला, आणि विमान त्या बाजूला उलटं पडतं. उपाय म्हणून टोकाकडे पंखाला किंचित पीळ देतात, मागची कड दोन अंशांनी वर राहील असा. मग टोकाआधी मुळाकडची हवा सुटते आणि विमान नुसतं नाक टाकतं. पंख चिकटवताना खाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून आम्ही हा पीळ साधला. दुसरी गोष्ट मोटरची. पंखा मागून बघताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्याची उलट ओढ विमानाला डावीकडे कलंडवते. म्हणून मोटर थोडी उजवीकडे आणि थोडी खाली रोखून बसवतात. हे दोन-दोन अंश डोळ्यांना दिसतही नाहीत. उडताना मात्र त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

पूर्ण तयार विमानाचं वजन आठशे ग्रॅम भरलं. सरांनी वहीत हिशेब मांडला: पंखाचं क्षेत्रफळ एवढं, वजन एवढं, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटरच्या खाली हे विमान हवेत टिकायचं नाही. चाकं आम्ही लावलीच नव्हती. आपल्या काळ्या रानात, ढेकळांत आणि भेगांत असली छोटी चाकं अडकून विमान नाकावर पडतं. त्यामुळे हातातून सोडायचं आणि पोटावर उतरवायचं. म्हणजे ते तीस किलोमीटर फेकणाऱ्याच्या हातातून यायला हवेत. समोरून आठ-दहाचा वारा मिळाला तर हाताला वीसच द्यावे लागतात. वाऱ्याकडे तोंड करून सोडण्याचं सगळं गणित एवढंच.

फेकायला माझा भाचा. गंगाखेड रस्त्याला माझ्या थोरल्या बहिणीचं सासर, तिथेच दाजींचं सोयाबीन निघालेलं रान आम्ही हेरलं होतं. भाचा शाळेत भालाफेक करायचा, हात लांब. आम्ही त्याला तेवढ्याच वजनाचा फोमचा ठोकळा देऊन सराव करून घेतला. त्याचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता, "मामा, जोरात फेकू का?" सर म्हणाले, "जोर मोटर लावील. तू फक्त सरळ सोड." पंख आडवे, नाक क्षितिजापेक्षा थोडंसं वर, चार पावलं पळायचं आणि हात खांद्यातून पुढे नेऊन सोडायचं, मनगट वळवायचं नाही. पंखा सुरू असताना बोटं त्याच्या मागेच राहतील, पुढे कधीच येणार नाहीत, हे त्याला आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं. नऊ इंचांचा प्लास्टिकचा पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो, बोटाला तो प्लास्टिक राहत नाही.

नोव्हेंबरातली सकाळ ठरवली. थंडीत परभणीचा वारा सकाळी मंद आणि एकसारखा असतो, उन्हं चढली की रान तापतं आणि हवा उसळ्या मारायला लागते. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पार गेल्यावर तर हवाच पातळ होते, पंख धरत नाहीत आणि उन्हात ठेवलेल्या फोमचा डिंक सुटतो. नियमही बघून घेतले होते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅम ते दोन किलोंपर्यंतचं यंत्र 'मायक्रो' गटात येतं, छंदासाठी उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण जागा सरकारी ड्रोन-नकाशावर हिरव्या पट्ट्यात हवी आणि उंची चारशे फुटांच्या आत. जवळचं विमानतळ नांदेडचं, ते लांब. विजेच्या पंपांच्या तारा मात्र नकाशात नसतात, त्या स्वतः चालत जाऊन बघाव्या लागतात. आमच्या रानाच्या पश्चिमेला एक लाईन होती, म्हणून सगळी वळणं पूर्वेकडे घ्यायची असं ठरलं आणि सूर्य पाठीशी राहावा म्हणून उभं राहायची जागाही तशीच बदलली.

रानात पोचलो तर शेजारचे शेतकरी बांधावर येऊन उभे. त्यातल्या एकाने विचारलं, "फवारणीचं ड्रोन आणलंव का? एकराला किती घेताव?" त्याचा प्रश्न बरोबर होता. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासूनचं, आता तिथे शेतीसाठी रोबोट आणि ड्रोनवर काम चालतं, गावागावांत फवारणीची ड्रोनं दिसायला लागलीत. लोकांच्या मनात रिमोटवर उडणारं म्हणजे ड्रोन. मी त्याला फरक सांगितला. ड्रोनमध्ये गायरो असतो, छोटा संगणक असतो. सेकंदाला शेकडो वेळा तो चारही मोटरी सावरत राहतो. हात काढला तरी ते जागेवर उभं राहतं. आमच्या विमानात तसं काही नाही. त्याचा तोल मेजावर घातला तेवढाच, पुढचं हाताने.

उडण्याआधीची तपासणी सर मोठ्याने वाचत होते आणि मी करत होतो. पंखा काढून ठेवून रिमोट बंद केला, मोटर थांबली पाहिजे, थांबली. लांब चालत जाऊन सिग्नल बघितला. जुन्या काळी प्रत्येक रिमोटला वेगळा क्रिस्टल लागायचा आणि शेजाऱ्याचा तोच निघाला तर दोन्ही विमानं पडायची. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट ती भानगड ठेवत नाहीत. स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, वर उठतो का, मागे ओढली की एलिव्हेटर वर जातो का, हे बोट लावून बघितलं. पहिल्या उड्डाणात विमानं पडतात ती बहुतेक वेळा इथेच, उलट जोडलेल्या तारेने. एवढ्यात दाजींचे वडील, आबा, काठी टेकत आले. ऐंशी ओलांडलेले. सरांनी त्यांना सांगितलं की आबा, मुक्तिसंग्रामात ही विमानं होती. आबा वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आम्ही इमानं पाह्यली न्हाईत. आम्ही रझाकार पाह्यले." मग थोडं मागे जाऊन बांधावर बसले.

थ्रॉटल तीन चतुर्थांशावर नेला. भाच्याच्या हातात विमान थरथरायला लागलं. सरांनी मान हलवली आणि तो पळाला.

हातातून सुटल्यासुटल्या डावा पंख खाली गेला. हे होणार हे माहीत होतं, मोटर रोखून बसवली तरी पहिल्या क्षणी वेग इतका कमी असतो की ओढ पुरती मोडत नाही. इथे मन सांगतं की स्टिक उजवीकडे मार आणि नाक वर ओढ. दोन्ही केलं की विमान गेलं. कमी वेगात एलेरॉन जोरात मारला तर खाली गेलेल्या पंखाच्याच टोकाची हवा सुटते. सरांनी माझ्याकडून सिम्युलेटरवर हेच एक घोटून घेतलं होतं: उजवा रडर (शेपटीची उभी पट्टी) थोडा, एलिव्हेटर जागेवर, आणि थांब. थांबण्याचा तो वेळ सेकंदापेक्षा फार मोठा नसावा. विमान ज्वारीच्या ताटांवरून गेलं. शेजारी परभणी मोती वाणाचं पीक गुडघाभर उभं होतं. मग वेग आला, डावा पंख आपसूक वर आला, आणि नाक चढायला लागलं. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "उडायलंय की ओ!"

नाक जरुरीपेक्षा जास्तच चढत होतं. एलिव्हेटरचं ट्रिम खाली दाबत नेलं तेव्हा कुठे सरळ झालं. पहिलं काम उंची मिळवण्याचं, कारण उंची म्हणजे सावरायला मिळणारा वेळ. वर गेल्यावर पूर्वेकडे पहिलं वळण घेतलं आणि लढाऊ विमान म्हणजे काय ते हातांना कळलं. ट्रेनरमध्ये स्टिक ढकलायची आणि वाट बघायची अशी सवय लागलेली. हे विमान बोट हलवण्याआधी कलंडतं. रिमोटमध्ये एक्स्पो नावाची सोय असते, मधल्या जागेत स्टिक मऊ करते. ती आधीच तीस टक्के ठेवली होती, तरी माझी बोटं जड वाटत होती. सर शेजारून सारखं म्हणत होते, "कमी. अजून कमी." हळूहळू उमगलं, हातांनी करायचं काम फार थोडं आहे. विमान मेजावर जसं बसवलं तसं उडत होतं, मी फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं होतं.

परत येताना विमान तोंडासमोर येतं तेव्हा त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. नवख्यांची विमानं इथेच पडतात. याला एक साधी युक्ती आहे: विमान समोरून येत असताना जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची. विचार करायचा नाही. दुसरा त्रास दिसण्याचा. चंदेरी विमान सकाळच्या पांढऱ्या आभाळात विरघळून जातं. म्हणून पंखांच्या खालच्या बाजूला मी काळ्या रेडियमचे रुंद पट्टे मारले होते. वरची बाजू दिसली की चंदेरी, खालची दिसली की काळे पट्टे. त्यावरून विमान कुठे कललं आहे ते कळत होतं. एक घार गोल घेत जवळ आली, दोन-तीन चकरा मारल्या आणि कंटाळून निघून गेली. टिटव्या मात्र शेवटपर्यंत ओरडत होत्या.

उतरवण्याआधी वर उंचीवरच सरांनी एक चाचणी करायला लावली. थ्रॉटल कमी करत जायचं आणि विमान कुठे हात सोडतं ते बघायचं. सोडलं ते नाक टाकून, सरळ, कुठल्याही बाजूला न कलंडता. पंखाचा पीळ कामाला आला. किती वेगाला ते हात सोडतं हे आता माहीत झालं आणि त्यापेक्षा जास्त वेगाने खाली आणायचं हे ठरलं. ट्रेनर मोटर बंद करून तरंगत उतरतो. टेम्पेस्टची मोटर बंद केली तर ते दगडासारखं येतं. म्हणून थोडा थ्रॉटल ठेवून, वाऱ्याच्या तोंडाने, लांबलचक उतार घेत आणलं. जमिनीपासून हातभर उंचीवर मोटर बंद केली. सोयाबीनच्या धसकटांवरून पोट घासत गेलं आणि ढेकळाला टेकून थांबलं. पोटाला चिरा पडल्या होत्या, पंखा शाबूत होता. बॅटरीत निम्म्याच्या आसपास शिल्लक होती. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून पाच मिनिटांचा गजर लावला होता आणि तो वाजायच्या आतच आम्ही खाली होतो.

लेकरं विमानाभोवती जमली, फोटो काढले. त्यातल्या एकाने विचारलं की यातून बॉम्ब पडतात का. मी नाही म्हणालो. सरांनी त्याला जवळ घेऊन खऱ्या टेम्पेस्टबद्दल सांगितलं, त्याच्या पंखात वीस मिलिमीटरच्या चार तोफा होत्या, आणि ते विमान कुणाला तरी मारण्यासाठीच बनवलेलं होतं हेही सांगितलं. ते मला आवडलं. लढाऊ विमानाचं देखणेपण त्याच्या कामातून आलेलं असतं. वेगासाठी पंख निमुळते, वळण्यासाठी अंग आखूड. ते काम लपवून नुसती प्रतिकृती दाखवणं खोटं झालं असतं, त्यातून आबा तिथेच बसलेले असताना.

त्या विमानाचे पंख मी नंतर एकदा बदलले, पोटाला चिकटपट्टीचे थर चढवले. आजही ते उडतं. दुकानात आता पोरं विचारायला येतात. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी हवाई दलाचे प्रमुख झाले, २०२१ ते २०२४ अशी तीन वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं, हे त्यातल्या बऱ्याच पोरांना माहीत असतं. पण विमान कशाने उडतं हे कुणी त्यांच्या हातात देऊन दाखवलेलं नसतं. एनसीसीची हवाई पथकं मुंबई, पुणे, नागपूरला आहेत, तिथल्या कॅडेटांना विमानाच्या प्रतिकृती करायला शिकवतात. आपल्या शाळांनी आणि आयटीआयनी तशा पथकाची वाट बघत बसायची गरज नाही. बुरुडाची कामटी, सायकलचा स्पोक, डेप्रॉनचे चार ताव एवढ्यात पहिलं विमान होतं. मोटर, बॅटरी आणि रिमोट विकत घ्यावे लागतात, पण तेच पुढच्या दहा विमानांत चालतात.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना माझं सांगणं सरळ आहे. पहिलं विमान वरच्या पंखांचं ट्रेनर करा, ते पाडा, दुरुस्त करा, पुन्हा उडवा. लढाऊ विमान त्यानंतर घ्या. पहिल्या उड्डाणाला शेजारी जाणता माणूस उभा करा आणि फेकायला असा गडी निवडा ज्याला सरळ सोडता येतं. आणि रान निवडताना आभाळाआधी विजेच्या तारा बघा.